यंत्राचा रडीचा डाव



खेळांत हरलेल्या माणसाच्या तोंडीं बहुधा दोनच वाक्यें असतात. माणसाशीं हरला तर "आज दान पडलें नाहीं" असें तो म्हणतो, आणि यंत्राशीं हरला तर "हें यंत्र लबाडी करतें" असें म्हणतो. पहिलें वाक्य आपण पिढ्यानुपिढ्या ऐकत आलों आहों. दुसरें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रूढ झालें. आणि आमच्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांत तर पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या, जाळीं दुरुस्तीला घेतलीं, कीं दर दुसऱ्या ओट्यावर तें ऐकूं येतें. ज्या ओट्यांवर पूर्वीं पत्ते आणि कॅरम चालत, तेथें आतां चार डोकीं एका मोबाईलवर वांकलेलीं दिसतात. आणि हरलेला गडी सोबत्याला नव्हे, नशिबाला नव्हे, तर त्या हातांतल्या पेटीलाच शिव्या मोजतो. मी जन्मभर मुलांना गणित शिकविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. हातांत वेळ आहे, घरांत संगणकावर लढाया खेळणारा नातू आहे, आणि दारांत "गुरुजी, ह्यांत खरें काय तें एकदां सांगा" म्हणणारे शेजारी आहेत. तेव्हां ह्या तक्रारीची थोडी चौकशी करावी असें मनानें घेतलें.

चौकशीला लागल्यावर प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, ज्याला आपण सरसकट लबाडी म्हणतों त्याच्या पोटांत अगदीं भिन्न जातीच्या गोष्टी कालविल्या गेल्या आहेत. कांहीं ठिकाणीं यंत्र सर्वस्वी निर्दोष असतें. कांहीं ठिकाणीं तें उघड उघड सवलत घेऊन खेळतें. कांहीं ठिकाणीं तें आपल्याच बाजूनें लबाडी करतें, आणि तिच्याबद्दल आपण चकार शब्द काढीत नाहीं. आणि एक जागा अशी आहे, कीं जेथें खरोखरच घरें बुडूं शकतात.

फाशांचा प्रश्न आधीं घेऊं, कारण ओरड तेथेंच अधिक. लुडो हा आपल्या पचिशीचा विलायतेला जाऊन परत आलेला नातलग. इंग्लंडांत १८९६ सालीं त्याचें पेटंट घेतलें गेलें, कवड्या गेल्या आणि फासा आला. २०१६ सालीं नवी मुंबईंतील एका कंपनीनें 'लुडो किंग' ह्या नांवानें तो मोबाईलवर आणला, आणि २०२० च्या टाळेबंदींत तो घरोघर पोंचला. ह्या खेळांत सामान्यतः सहाचें दान पडल्यावांचून सोंगटी घराबाहेर निघत नाहीं. तक्रार अशी कीं, "तिघांच्या सोंगट्या अर्धा पट चालून गेल्या, आणि मला दहा दानांत एकहि सहा नाहीं, हें मुद्दाम नव्हे तर काय?"

आतां पाटीवर हिशेब मांडून पाहा. एका दानांत सहा न पडण्याचा संभव पांच-षष्ठांश. दहा दानांत एकदांहि सहा न पडण्याचा संभव काढावयाचा तर हा अपूर्णांक दहा वेळां मांडून गुणाकार करावा. उत्तर शेंकडा सोळा येतें. म्हणजे एका ठराविक गड्यावर ही आपत्ति सुमारें सहा डावांत एकदां येणार. परंतु पटावर गडी चार असतात! चौघांपैकीं कोणा तरी एकावर ती येण्याचा संभव मांडला, तर तो शेंकडा पन्नासाच्या किंचित् वरच निघतो. दर दोन डावांमागें एका डावांत कोणी तरी एक गडी दहा दानें हात चोळीत बसावयाचाच, मग फासा लांकडाचा असो, हस्तिदंताचा असो कीं विजेचा असो. ओट्यावर बसून चार दिवस खेळलेल्या प्रत्येकाच्या गांठीं असा एक तरी अन्याय जमा होतो. उरलेल्या तिघांना त्या डावांत कांहींच वावगें दिसलेलें नसतें, म्हणून ते साक्षीला येत नाहींत. शिवाय मनुष्याची जमाखर्चाची वही मोठी चमत्कारिक असते. चांगलीं दानें पडलीं तीं तो आपल्या हुशारीच्या खात्यावर जमा करतो, आणि वाईट पडलीं तीं यंत्राच्या नांवें खर्चीं टाकतो.

तथापि लोकांच्या संशयाला एक कारण आहे आणि तें मला रास्त वाटतें. हातांत खुळखुळवून टाकलेला फासा डोळ्यांना दिसतो. यंत्राचा फासा दिसत नाहीं. किंबहुना यंत्राजवळ फासाच नसतो, असतें तें एक सूत्र. उदाहरणादाखल एक लहानसें सूत्र सांगतों. कागद-पेन्सिल असेल तर करून पाहा. कोणताहि आंकडा घ्या, त्याला पांचांनीं गुणा, तीन मिळवा, आणि सोळांनीं भागून बाकी तेवढी ठेवा. सातापासून आरंभ केला तर बाकी सहा उरते. सहापासून एक, एकापासून आठ; पुढें अकरा, दहा, पांच, बारा, पंधरा, चौदा, नऊ अशी रांग चालते, आणि सोळा पायऱ्या झाल्या कीं पुन्हा सात. पाहणाऱ्याला हे आंकडे वाटेल तसे पडल्यासारखे भासतात. वस्तुतः प्रत्येक आंकडा मागच्या आंकड्याला बांधलेला आहे. यंत्रांतील सूत्रें अर्थातच ह्याहून फार मोठीं असतात व त्यांचीं आवर्तनें इतकीं लांब असतात कीं खेळणाऱ्याला त्यांचा थांग लागूं नये. ज्या आंकड्यापासून आरंभ होतो त्याला त्या शास्त्रांत 'बीज' म्हणतात. पुष्कळदां यंत्र तें घड्याळांतील क्षणावरून घेतें.

ह्या बीजाचा एक गंमतीचा परिणाम माझ्या घरांत घडला. नातू 'एक्सकॉम' नांवाचा २०१२ सालचा एक खेळ खेळत होता. त्यांत आपले शिपाई परग्रहावरील शत्रूशीं लढतात, आणि प्रत्येक गोळी झाडण्यापूर्वीं ती लागण्याचा संभव शेंकड्यांत पडद्यावर दाखविला जातो. नव्वद टक्के लागणारी गोळी चुकली. त्यानें मागें जतन करून ठेवलेला डाव पुन्हा उघडला आणि तीच गोळी पुन्हा झाडली. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदाहि तेंच. "आजोबा, हें चक्क चीटिंग आहे!" असें ओरडत तो माझ्याकडे आला. आतां खरी गोष्ट अशी कीं, ह्या खेळांत डावाबरोबर बीजहि जतन केलें जातें, आणि तें हेतुपुरस्सर. नाहीं तर खेळणारा डाव मागें घेऊन घेऊन गोळी लागेपर्यंत झाडीत बसेल. म्हणजे यंत्रानें बंदोबस्त केला होता तो आमच्या चिरंजीवांच्या अंचईचा, आणि लबाड ठरलें यंत्र! हें त्याला समजावून सांगितलें तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं, पण त्यानें डावहि पुन्हा उघडला नाहीं.

फासे आणि गणित ह्यांचा हा संबंध आपल्याला नवीन वाटण्याचें कारण नाहीं. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, म्हणून ते त्याचें ऐकत, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. परंतु व्यासांच्या सभापर्वांत ती नाहीं, ती मागाहून लोकांनीं रचली. महाभारतांत फाशांविषयीं खरें मर्माचें जें आहे तें वनपर्वांतील नलोपाख्यानांत आहे. द्यूतांत राज्य घालविलेला नळ पुढें ऋतुपर्ण राजाचा सारथि होतो. वाटेंत हा राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती हें एका दृष्टिक्षेपांत सांगतो. नळ रथ थांबवून, झाड तोडून मोजतो आणि आंकडा बरोबर निघतो. मग नळ त्याच्यापासून 'अक्षहृदय', म्हणजे फाशांचें मर्म, शिकतो. ज्याला मोजतां येतें त्यालाच फासे कळतात, असा हा जोड त्या प्राचीन कथाकारानें घालून ठेवला आहे. आमच्या ओट्यावर मी ही कथा सांगितली तेव्हां एका नाखव्यानें विचारलें, "मग गुरुजी, धर्मराजाला हें आधीं कां नाहीं कोणी शिकविलें?" प्रश्न बिनतोड आहे. बृहदश्व ऋषींनीं तें धर्मराजाला शिकविलें खरें, पण वनांत गेल्यावर!

आतां डावपेंचांच्या मोठ्या खेळांकडे वळूं. ह्यांत राज्यें वसवावयाचीं, सोनें-धान्य गोळा करावयाचें, सैन्य उभारावयाचें आणि शेजाऱ्यावर चालून जावयाचें. आणि तो शेजारी पुष्कळदां संगणकच चालवितो. ह्या खेळांत मात्र यंत्राला खरोखरीच सवलती दिलेल्या असतात. 'सिव्हिलायझेशन' हा सिड मायर ह्यांचा खेळ १९९१ सालीं निघाला. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर यंत्राचीं नगरें माणसाच्या नगरांपेक्षां कमी खर्चांत तेंच काम उरकतात. यंत्र अधिक हुशार झालेलें नसतें. त्याच्या तागडींत केवळ अधिक धान्य टाकलेलें असतें. ह्याचें कारण उघड आहे. बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा. ह्या खेळांचा नकाशा हजारों घरांचा, त्यावर शेंकडों मोहरीं, आणि तीं सर्व एकाच वेळीं हलतात. अशा पटावर शहाणा प्रतिपक्षी निर्माण करणें हें अत्यंत कठीण काम, आणि मंद प्रतिपक्ष्याला दीडपट सोनें देणें हें एका ओळीचें काम. खेळ करणाऱ्यांनीं दुसरा मार्ग पत्करला तर त्यांना दोष देववत नाहीं. मी स्वतः वर्गांतल्या धावण्याच्या शर्यतींत लहान मुलांना दहा पावलें पुढें उभें करीत असें. त्याला कोणी लबाडी म्हटलें नाहीं, कारण खडूची रेघ सर्वांना दिसत होती.

खरा प्रश्न त्या रेघेचाच आहे. 'स्टारक्राफ्ट' ह्या खेळाच्या २०१० सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत पुढें यंत्राच्या सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांना चक्क 'चीटर' म्हणजे लबाड असेंच नांव दिलें गेलें. एका पायरीवर त्याला सारा नकाशा दिसतो, दुसरीवर संपत्तिहि जलद मिळते, आणि तिसरीला तर 'वेडा' अशीच पदवी आहे. माझ्या मतें ही सर्वांत सभ्य लबाडी. ज्यानें ती पायरी निवडली त्यानें तक्रार कशाची करावयाची?

नकाशा दिसण्याच्या गोष्टींत एक बारकावा आहे. ह्या खेळांत आपल्या सैन्याभोंवतालचाच प्रदेश आपल्याला दिसतो, बाकी सर्व धुक्यांत. यंत्राची स्थिति उलट आहे. संपूर्ण नकाशा त्याच्याच स्मृतींत मांडलेला असतो. आपलें लपविलेलें सैन्यहि तेंच सांभाळीत असतें. तेव्हां पाहणें हें त्याला शिकवावें लागत नाहीं, न पाहणें शिकवावें लागतें. पंच, गुणलेखक आणि प्रतिपक्षी हीं तिन्ही कामें एकाच इसमाकडे दिल्यावर प्रतिपक्ष्यानें गुणलेखकाच्या वहींत डोकावूं नये अशी व्यवस्था करणें किती अवघड, हें शाळेच्या स्पर्धा भरविणाऱ्या कोणालाहि कळेल. ज्या खेळांत ही व्यवस्था आळसानें केली जात नाहीं, तेथें शत्रु आपल्या लपविलेल्या तळावर अचूक चालून येतो आणि मुलें रडकुंडीस येतात. त्यांचें रडणें तेथें रास्त असतें.

दृष्टीचा हाच वाद थोर पातळीवरहि झाला. २०१९ च्या जानेवारींत 'डीपमाइंड' ह्या संस्थेचें 'अल्फास्टार' नांवाचें यंत्र, ह्याच 'स्टारक्राफ्ट'मध्यें, दोन व्यवसायी खेळाडूंविरुद्ध दहाच्या दहा डाव जिंकलेलें जाहीर झालें. धुक्याचा नियम तें पाळीत होतें; परंतु माणसाला पडद्याची चौकट इकडून तिकडे सरकवावी लागते, आणि ह्या यंत्राला आपला दिसणारा सारा प्रदेश एकदम दिसत होता. चौकटीचें बंधन घातलेलें त्याचें दुसरें रूप त्याच वेळीं एका प्रकट सामन्यांत त्यांच्यापैकींच एका खेळाडूशीं हरलें. एका डावावरून सिद्धांत काढूं नये हें खरें. तरीहि बरोबरीचा सामना म्हणजे काय, केवळ नियम सारखे असले म्हणजे पुरे कीं डोळे आणि हातहि सारखे हवेत, हा प्रश्न त्या दिवशीं सर्वांसमोर उभा राहिला.

यंत्राला सवलती द्याव्या लागतात त्या तें किती मठ्ठ असतें म्हणून, ह्याची साक्ष मराठी माणसाला जवळची वाटेल अशा एका खेळांत सांपडते. 'एम्पायर: टोटल वॉर' हा २००९ सालचा खेळ १७०० सालापासून सुरू होतो, आणि त्यांत मराठ्यांचें राज्य घेऊन खेळतां येतें. मुलें हौसेनें दिल्लीवर चालून जातात, आरमारें बांधतात. परंतु हा खेळ निघाला तेव्हां संगणकानें चालविलेल्या राज्यांना गलबतांतून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवितांच येत नसे! इंग्रज आहेत, त्यांचीं आरमारें आहेत, पण पाय जमिनीला लागत नाहीं. पुढें त्याच वर्षीं दुरुस्ती करून ही कला त्यांना शिकविली गेली. दांड्याच्या किनाऱ्यावर ही हकीकत सांगितली तेव्हां जो हंशा पिकला तो अजून माझ्या कानांत आहे; होडी किनाऱ्याला लावणें हें येथील दहा वर्षांच्या पोराचें काम.

कांहीं लबाड्या तर घडलेल्याच नसतात. 'सिव्हिलायझेशन' ह्या खेळांत महात्मा गांधी हे हिंदुस्थानचे नेते म्हणून येतात, आणि तेच अचानक अणुबाँबची धमकी देतात, अशी एक कथा जगभर पसरली आहे. तिची उपपत्तिहि मोठी ऐटदार सांगतात. गांधींची युद्धखोरी एक ह्या आंकड्यावर ठेवलेली होती. लोकशाही आल्यावर त्यांतून दोन वजा झाले. यंत्राच्या त्या खान्यांत शून्याखालचा आंकडा मावत नसल्यामुळें तो उलटा फिरून दोनशें पंचावन्न झाला, आणि अहिंसेचा पुजारी सर्वांत युद्धखोर ठरला. गणिताच्या दृष्टीनें ही गोष्ट इतकी सुबक आहे, कीं ती खरी असावी असें कोणाहि गणितशिक्षकाला वाटेल. परंतु मायर ह्यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत असा दोष मूळ खेळांत नव्हताच असें स्वच्छ लिहिलें आहे. २०१० सालच्या पांचव्या भागांत मात्र गांधींची अणुबाँबविषयींची आवड मुद्दाम, विनोद म्हणून, वाढविली गेली होती. तो विनोद मला रुचत नाहीं. पण यंत्रानें चूक केली म्हणून लोक जें सांगत आले, तें माणसांनींच हंसत हंसत केलेलें होतें, एवढें मात्र नमूद करावयास हवें.

यंत्रांत मनुष्य दडलेला आहे हा संशय तर यंत्राहूनहि जुना आहे. केंपेलेन नांवाच्या गृहस्थानें १७७० सालीं व्हिएन्ना येथें राणी मारिया थेरेसाच्या दरबारीं बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क आणला. पुढें १८०९ सालीं नेपोलियन त्याच्याशीं खेळला. तो तुर्क १८५४ सालीं फिलाडेल्फियाच्या आगींत जळाला, आणि तोंपर्यंत त्याच्या पेटींत बसून कित्येक चांगल्या खेळाडूंनीं आपलें पोट भरलें होतें! तेथें लबाडी होतीच. आतां १९९७ चा मे महिना पाहा. न्यूयॉर्क येथें जगज्जेता कास्पारोव्ह आयबीएमच्या 'डीप ब्लू' ह्या यंत्राशीं सहा डाव खेळला. पहिला त्यानें जिंकला. दुसऱ्या डावांत वजीर आंत घालून प्यादीं मारण्याचा मोह यंत्राला होईल अशी त्याची अटकळ होती. यंत्रानें तो मोह टाळून धिमेपणानें त्याचा पट आंवळला. सेकंदाला सुमारें वीस कोटी स्थिति तपासणारें यंत्र लोभी असावें अशी त्याची कल्पना, आणि तें तर एखाद्या मुरलेल्या खेळाडूसारखें संयमानें वागलें. त्यानें डाव सोडला. मागाहून विश्लेषकांनीं दाखविलें कीं तो डाव त्याला बरोबरींत सोडवितां आला असता. ह्या धक्क्यांतून तो सावरला नाहीं. यंत्राला माणसानें साह्य केलें असा संशय त्यानें बोलून दाखविला, नोंदी मागितल्या, आणि शेवटीं साडेतीन विरुद्ध अडीच अशा गुणांनीं सामना गमाविला. यंत्राच्या विचारांच्या नोंदी पुढें प्रसिद्ध झाल्या. माणसानें हात घातल्याचा पुरावा कांहीं निघाला नाहीं. परंतु त्या मागितल्या तेव्हांच हातावर ठेवल्या असत्या तर इतकें काहूर उठलें नसतें, असें मला वाटतें.

आणि आपल्या बाजूनें होणाऱ्या लबाडीचें काय? मायर ह्यांनीं २०१० सालीं एका भाषणांत आपला अनुभव सांगितला. लढाईंत तीनास एक असें आपलें बळ पडद्यावर दाखविलें, तर गणितानें चार लढायांत एक हरावयास हवी. पण ती एक हरली कीं खेळणारे चवताळत. तीनास एक म्हणजे विजय नक्कीच, असें त्यांचें अंतर्मन म्हणे. उलट एकास तीन असतां स्वतः जिंकले तर कोणी कुरकुर करीत नसे. शेवटीं हिशेब खेळणाऱ्याच्या मनासारखा वांकविण्यांत आला. 'फायर एम्ब्लेम' ह्या जपानी खेळाच्या २००२ पासूनच्या कित्येक भागांत तर एकाऐवजीं दोन आंकडे काढून त्यांची सरासरी धरतात. त्यामुळें पडद्यावर नव्वद टक्के लिहिलें असतां नेम प्रत्यक्षांत अठ्याण्णव टक्के लागतो, आणि दहा टक्के लिहिलें असतां जेमतेम दोन टक्के. म्हणजे खऱ्या फाशाला लोक खोटा म्हणत होते म्हणून खोटा फासा घडविला, आणि त्याला लोक खरा म्हणूं लागले! हें ऐकून नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, मग मीं जिंकलेल्या लढायांतल्या किती माझ्या?"

इतका वेळ सांगितलें तें खेळापुरतें. आतां पैशाची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी होडीवर जातो, आई मासळी विकते. गेल्या वर्षीं पावसाळ्यापूर्वीं जाळ्यासाठीं बाजूला काढलेले पैसे त्यानें मोबाईलवरील एका पैशाच्या लुडोंत थोडे थोडे करून घालविले. नांव घेत नाहीं, कारण तसलीं अॅपें तेव्हां पुष्कळ होतीं. प्रारंभीं तो जिंकत असे. पण रक्कम वाढविली कीं हार ठरलेली. रात्रीं माझ्याकडे आला आणि खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, पैसे गेले ते गेले. पण समोर माणूस होता कीं यंत्र, तेवढें मला सांगा. नांव होतें, फोटो होता, नागपूरचा आहे असें लिहिलें होतें." मीं त्याला दानांचा हिशेब समजावून दिला, शेंकडा सोळा, शेंकडा पन्नास, सर्व. तो शांतपणें ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "गुरुजी, हें तुमचें गणित समोरचा माणूस असला तर. नसला तर?"

त्याच्या प्रश्नापुढें माझें गणित थांबतें. लुडो हा नशिबाचा खेळ कीं कौशल्याचा, हा वाद २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला होता. पण ह्या पोराच्या दृष्टीनें तो वाद दुय्यम होता. समोरच्या फोटोमागें फासा टाकणारेंच यंत्र बसलेलें असेल तर नशीब कोणाचें आणि कौशल्य कोणाचें? २०२५ च्या नोव्हेंबरांत सक्तवसुली संचालनालयानें पैशांचे खेळ चालविणाऱ्या एका कंपनीवर असाच आरोप ठेवला, कीं ग्राहकांना न सांगतां त्यांना माणसांऐवजीं संगणकाशीं खेळविलें. आरोपाचा निवाडा न्यायालयांत व्हावयाचा असतो, ओट्यावर नव्हे. परंतु अशी लबाडी झाली असेल तर ती वर सांगितलेल्या कोणत्याहि जातींत बसत नाहीं. तेथें खडूची रेघ तर नाहींच, शर्यतींत दुसरा पोरगाहि नाहीं. त्या वर्षींच्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, चालविण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि २२ ऑगस्ट रोजीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्या पोराच्या मोबाईलवरील तो लुडो त्यानंतर बंद झाला. जाळ्यासाठीं त्याला कर्ज काढावें लागलें. तें तो फेडीत आहे.

तो अजून माझ्याकडे येतो. बिनपैशाच्या लुडोवर आम्ही एक उद्योग आरंभिला आहे. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर सहा रकाने आंखले आहेत, आणि पडेल तें दान तो त्यांत रेघेनें नोंदवितो. सहाशें दानें झालीं म्हणजे प्रत्येक रकान्यांत शंभराच्या आसपास रेघा याव्यात. ऐंशीं ते एकशेंवीसच्या दरम्यान असल्या तर फाशावर संशय घेण्याचें कारण नाहीं, असें मीं त्याला सांगून ठेवलें आहे. आजपर्यंत चारशेंच्या वर दानें झालीं. सहाचा रकाना इतरांपेक्षां किंचित् आंखूड आहे, आणि तो दर खेपेस तेथें बोट ठेवून माझ्याकडे पाहतो. अद्याप तरी त्या आंखूडपणांत कांहीं विशेष नाहीं. उरलेलीं दानें ह्या आठवड्यांत, होड्या परत आल्या कीं संध्याकाळीं, पुरीं होतील.